पुदिन्याचा वास

कोक-साय, नारिन
९ मे २०२३

प्रिय बुर्माकानताई,

सलाम. परवा सकाळी मी माझ्या सुनेने दिलेला चहा कुत्र्यापुढे ओतला आणि ते काय करतं हे बघत उभा राहिलो. पहाटेची नमाज होऊन तासही झाला नव्हता. ओठांवर अल्लाचं नाव आणि हातात तो पियाला. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. गिरणीतल्या यंत्रांनी तुझे कान नेले आणि तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीने बरंच. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. बोललेलं थेट स्वयंपाकघरात जातं.

रोज्यांच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझे ओठ सुजतात. कडेने लाल चट्टे उठतात, खाज सुटते, घशाला कोरड पडते. उजव्या हाताची बोटंही सोलवटली आहेत. रोजे होते तेव्हा दिवसभर काही व्हायचं नाही. संध्याकाळी रोजा सोडला, मेरिमने दिलेला चहा घेतला, गोठ्यामागे घटकाभर एकटा बसून आलो, की सुरू. ईदनंतर तर दिवसाही होऊ लागलं. आणि तोंडाला लावावं असं मी आता काहीच घेत नाही. मार्चमध्ये मशिदीत सगळ्यांसमोर मी नासवाय सोडली, तीस वर्षं ओठाखाली धरलेली तंबाखू. इमामांनी माझ्यासाठी दुआ मागितली. म्हाताऱ्यांनी येऊन माझे हात हातात घेतले.

मेरिम वाईट आहे असं मला म्हणवत नाही. माझी झूरा मला सोडून गेली त्याला चार वर्षं झाली. आपला पोरगा एर्निस कोळशाच्या ट्रकवर दहा-दहा दिवस बाहेर असतो. घरात ही आणि मी. माझ्याआधी उठते, वाकून सलाम करते. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तर सगळ्याच सुना पाळतात. पण तेमिर म्हणजे लोखंड म्हणून ही लोखंडाचंही नाव घेत नाही. बादलीला "ती वाजणारी" म्हणते. माझ्यासमोर चार शब्दांपुढे पाचवा काढत नाही. पण तिचा चहा आपल्यासारखा नाही. दूध नाही, मीठ नाही. हिरव्या पाण्यात माहेरून आणलेला वाळका पाला चुरते. विचारलं, तर मान खाली घालून म्हणते, "पुदिना आहे, बाबा."

गेल्या आठवड्यात ती माझ्या कोटाचे खिसे चाचपताना दिसली. मला पाहिलं आणि कोट खुंटीला अडकवून निघून गेली. एका वहीत काहीतरी लिहितेही.

कुत्र्याला काही झालं नाही. दोनदा चाटलं आणि तोंड फिरवून गेलं. मी काय करू?

तुझा भाऊ
तेमिरकुल


तोकमोक
१६ मे

तेमिर,

कुत्र्याला काही झालं नाही म्हणतोस? अरे शहाण्या, दोनदा चाटून निघून गेलं ना? कुत्र्याला कळलं, तुला कळत नाही!

मी लग्नाआधीच म्हटलं होतं, सून आणायची तर डोंगराच्या अलीकडची आण. नूकाटची पोरगी, तिचा चहा वेगळा, तिची भाकरी वेगळी, तिच्या मनात काय ते तिलाच ठाऊक. तेव्हा तू मला म्हणालास, "ताई, सगळी माणसं अल्लाचीच." असतील. पाला कुणाचा ते बघ.

आणि एक गोष्ट. तुझ्या पत्राला पुदिन्याचा वास येतो. मी कानांनी गेले, नाकाने नाही. लिफाफा उघडला आणि भपकारा आला. म्हणजे काय ते समज. ती तुझी पत्रं उघडून वाचते. खिसे चाचपते ते याचसाठी. पुढचं पत्र लिहिलंस की घरात ठेवू नकोस. कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेव, आणि मिनीबसवाल्याच्या हातात तू स्वतः दे. सोबत त्या चहाची चिमूट कागदात बांधून पाठव.

तिच्याशी गोड वाग. संशय आलाय हे कळू देऊ नकोस.

बुर्माकान


कोक-साय
२८ मे

प्रिय ताई,

चिमूट पाठवतो आहे. पत्र लिहिल्यापासून आतल्या खिशातच होतं, दोन दिवस.

मधे दवाखान्यातल्या कंपाउंडरने मलम दिलं. चोळल्यावर बरं वाटायचं सोडून आग आग झाली. दुसऱ्या दिवशी हनुवटीपर्यंत चट्टे. ते मलम मी खिडकीतल्या फळीवर ठेवत असे. ती फळी रोज कोण पुसतं? तिसऱ्या दिवशी बघतो तर मलम फळीवर नाही. विचारलं, "मेरिम, मलम कुठं गेलं?" "मी उचलून ठेवलं, बाबा." "का?" मान खाली. शेवटी पिठाच्या डब्यामागे सापडलं.

मग मी म्हटलं, घरापासूनच दूर जाऊन बघू. वरच्या कुरणावर झूराच्या भावाच्या तंबूत पाच दिवस राहिलो. घोडीचं दूध, त्यांचाच चहा, त्यांचीच भाकरी. तरी दुसऱ्या दिवशी ओठ आले. मी विचार करत बसलो. आणि आठवलं की मेरिमने निघताना वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या बांधून दिल्या होत्या. पहिल्या दिवशी एक खाल्ली होती. सगळी पिशवी नदीत टाकली. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, माशांना मेजवानी का? आम्हाला दिल्या असत्या तर?" मी हसलो. पण खरं सांगतो, अन्न नदीत टाकताना मनात अल्लाची माफी मागितली.

परत आलो तर तीन दिवस गावात वीज नव्हती. त्या दिवसांत बरं वाटलं. तिच्या हातचंच खात होतो तरी. बहुतेक तिला अंधारात काही करता आलं नसावं.

नमाजेत मन लागत नाही. जिच्याबद्दल असं वाटतं तिच्याच हातून वजूचं, नमाजेआधी हातपाय धुण्याचं पाणी घेतो.

तेमिरकुल


तोकमोक
५ जून

तेमिर,

या पत्राला तर आधीपेक्षा दुप्पट वास! छातीशी ठेवलेल्या पत्रापर्यंत हिचे हात पोचतात? झोपतोस तेव्हा कोट कुठे असतो?

तुझा चहा मी उकळला आणि दोन पियाले प्यायले. होय, मी स्वतः. माझे ओठ जिथल्या तिथे आहेत. पण मला ते अपेक्षितच होतं. तू चिमूट घेताना तिने पाहिलं असणार आणि चांगला पाला पुढे केला असणार. या पोरी साध्या दिसतात.

आता वेळ घालवू नकोस. तिला माहेरपणाला पाठव. लग्नाला आठ महिने झाले, रीतच आहे, कुणी काही म्हणायचं नाही. आणायला जायची मात्र घाई करू नकोस. महिना जाऊ दे, दोन जाऊ दे. आणायला कुणी आलं नाही की तिच्या घरचे काय समजायचं ते समजतील. एर्निसला मी बघते. पोरगा ऐकणारा आहे.

तुझ्या जिवापेक्षा सून मोठी नाही.

बुर्माकान


कोक-साय
१३ जून

ताई,

आज सकाळी मेरिमला पाठवलं. एर्निसने विचारलं, "बाबा, आत्ताच? शरदात जाणार होती ना?" मी म्हटलं, "तिची आई वाट बघत असेल." त्याने तिची पिशवी उचलली. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

गाडीत बसण्याआधी तिने वाकून सलाम केला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, ते मलम लावू नका." मी विचारलं, "का?" तर ती गाडीत चढून बसली.

तूच सांग, मलमात काय आहे हे तिला कसं ठाऊक?

तेमिरकुल


नूकाट
२४ जून

आदरणीय आत्याबाई,

सलाम. मी मेरिम, तुमच्या भावाच्या घरची सून. तुम्हाला लिहिण्याचा मला हक्क नाही हे माहीत आहे. पण हे मी त्यांना तोंडावर बोलू शकत नाही आणि यांना सांगितलं तर हे वडिलांना लगेच विचारतील. तुम्ही त्यांच्या थोरल्या. तुम्ही बोललात तर चालेल.

बाबांच्या कोटाच्या आतल्या खिशाचं अस्तर ओलं होतं. धुवायला काढायचा म्हणून खिसे रिकामे करताना त्यात एक व्हेप, म्हणजे वाफ ओढायचं यंत्र, सापडलं आणि त्यात भरायच्या द्रवाची छोटी बाटली. बाटलीचं झाकण गळत होतं. पुदिन्याचा वास. मी सगळं होतं तसं परत ठेवलं आणि कोट धुतलाच नाही.

मी ओशला दोन वर्षं औषधांच्या दुकानाचं शिक्षण घेतलं आहे. लेबल वाचायची सवय आहे. बाटलीवर बारीक अक्षरात प्रोपिलीन ग्लायकॉल लिहिलं होतं. कंपाउंडरच्या मलमाच्या नळीवरही तेच नाव होतं. पुष्कळ औषधांत, मलमांत, सरबतांत ते असतं आणि बहुतेकांना काही होत नाही. पण कुणाकुणाच्या कातडीला ते चालत नाही. ओठ, तोंडाच्या कडा, जी बोटं बाटली धरतात ती. घसा तर त्या वाफेने कुणाचाही कोरडा पडतो.

मी वहीत लिहून ठेवलं. बाबा ज्या दिवशी गोठ्यामागे बसले त्या दिवशी ओठ आले. मेअखेर तीन दिवस वीज नव्हती, ते यंत्र विजेवर चार्ज करता आलं नसणार, तेव्हा ओठ उतरले. चहा त्या तिन्ही दिवशी मी तसाच केला होता. तरी माझं चुकत असेल. कातडीच्या डॉक्टरांना बाटली आणि मलम दोन्ही दाखवलं पाहिजे. ते पाठीवर ठिगळ चिकटवून तपासतात.

ज्या गोष्टीसाठी माणूस गोठ्यामागे जातो ती सुनेने कशी बोलायची? मलम लपवता आलं, तेवढं लपवलं.

मला मधेच का पाठवलं ते कुणी सांगितलं नाही. इथे मी माहेरपणाला आले असंच सांगितलं आहे. माझा चहा कुत्र्यापुढे जातो हे मी खिडकीतून पाहिलं होतं. तेही इथे बोलले नाही.

मी लिहिलं हे बाबांना कळू देऊ नका. त्यांना लाज वाटेल.

मेरिम


तोकमोक
३ जुलै

तेमिर,

सोबतचं पत्र वाच. कळू देऊ नका म्हणते, पण मी पाठवते आहे. तुला लाज वाटावी म्हणूनच पाठवते आहे.

वाचलंस? आता कोटाचा आतला खिसा हुंग. पुदिना! मी इथे बसून एका पोरीला चोर ठरवलं, पत्र उघडणारी ठरवलं, काय काय ठरवलं. आणि तूच कोटाच्या खिशात बाटली ठेवून वर पत्र ठेवत होतास. मीच सांगितलं ना, छातीशी ठेव! स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

ती जाऊन तीन आठवडे झाले. ओठ कसे आहेत ते तू एका अक्षराने लिहिलं नाहीस. म्हणजे मला कळलं. घरात ती नाही आणि ओठ तसेच, हो ना? मग आता संशय कुणावर घेणार आहेस? कोंबड्यांवर?

कुरणावरही ते सोबत नेलं होतंस. मला तीन पत्रं लिहिलीस, दह्याच्या गोळ्या लिहिल्यास, माशांची मेजवानी लिहिलीस, आणि ते एक लिहिलं नाहीस.

आजपासून बंद कर. नारिनला डॉक्टरकडे जा. दोन्ही वस्तू घेऊन जा.

बुर्माकान


कोक-साय
१७ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात होतो. आत जाऊन दार लावलं आणि मेरिमचं पत्र तीनदा वाचलं.

आता सांगतो. नासवाय सोडल्यावर चौथ्या दिवशी मला राहवेना. पण सगळ्या गावासमोर शब्द दिलेला. नारिनच्या बाजारात एका दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "काका, नुसती वाफ आहे, तंबाखू नाही, निकोटिनही नाही. पुदिन्याची घ्या, तोंड स्वच्छ राहतं." मी विचारलं, "यात दारू आहे का?" "नाही." "डुकराची चरबी?" तो हसला. "काका, हलाल आहे. झाडपाल्याचं." मी खात्रीसाठी अजून दोघांना विचारलं. मग घेतलं. ते हलाल म्हटल्यावर त्याच्याकडून अपाय होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात दुसरं नवीन काय होतं? सून. सगळा संशय तिथे गेला.

दहा दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवसापासून चट्टे फिके पडले. डॉक्टरबाईंनी पाठीवर ठिगळं चिकटवली, दोन दिवसांनी काढली. मेरिमने लिहिलेल्या त्याच एका नावाच्या ठिगळाखाली लाल उठलं. बाकी सगळी कातडी साफ. बाई म्हणाल्या, "तंबाखू सोडलीत, चांगलं केलंत. मग हे कशाला धरलंत?" मी म्हटलं, "वाफच तर होती." "वाफ कशाची, हे विचारलंत?" "विचारलं. दारूची नाही म्हणाला." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, औषध घेताना हे नाव लेबलावर बघत जा. वाचता येत नसेल तर सुनेला दाखवा, तिला कळतं. मी घरची हकीकत त्यांना सांगितली नव्हती, फक्त सुनेने ओळखलं एवढं बोललो होतो. कमी ग्लायकॉलचे द्रवही मिळतात म्हणे. मी ते पुढे विचारलंच नाही. यंत्र तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो.

ताई, माझं दुखणं यात नाही. एका यंत्राबद्दल मी तीन माणसांना विचारलं. त्या मुलीला एकदाही धड विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला बोलता आलं नसतं, कारण तिचं न बोलणं हाच तिचा चांगुलपणा म्हणून मी गावभर सांगत होतो.

मी नूकाटला जाणार आहे. तिला आणायला, आणि तिच्या आईबापांना खरं सांगायला.

तेमिरकुल


तोकमोक
२२ जुलै

तेमिर,

आणायला जा. मेंढा ने, विहीणबाईंना शाल ने, व्याह्यांना अंगरखा ने. सासरा स्वतः आला यातच तिचा मोठा मान आहे. पण सांगायचं कशाला? तिने घरी एक शब्द काढलेला नाही. तिच्या आईबापांच्या मते लेक माहेरपणाला आली आहे आणि मजेत आहे. तू जाऊन त्यांना सांगणार, तुमच्या लेकीने मला विष घातलं असं मला वाटत होतं? कुठला बाप हे ऐकून लेक परत पाठवेल? तुझं मन हलकं होईल आणि तिचा संसार मोडेल. एर्निसचा विचार कर.

आणि उद्या हे फिरत फिरत आपल्या मशिदीत येईल. नासवाय सोडलेला तेमिरकुल गोठ्यामागे वाफ ओढत होता!

तिने झाकलंय, तर तूही झाक. तिच्याकडे एकांतात माफी माग आणि संपव. मोठी बहीण म्हणून सांगते.

बुर्माकान


नूकाट
३१ जुलै

प्रिय ताई,

काझारमानच्या घाटातून दोन दिवसांचा प्रवास करून परवा इथे पोचलो. एर्निसला वाटेतच सगळं सांगितलं. त्याने ट्रक बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "तिने मला विचारलं होतं, बाबा माझ्यावर रागावलेत का. मी म्हटलं, छे."

निघण्याआधी शुक्रवारी मी मशिदीत सांगून आलो होतो. तुला आधी लिहिलं असतं तर तू अडवलं असतंस. नमाजेनंतर उभा राहिलो आणि म्हटलं, "माझ्यासाठी दुआ मागितली होती, मी तिच्या लायकीचा राहिलो नाही," आणि काय ओढत होतो ते सांगितलं. बाहेर चपला घालताना म्हातारा असानाली कानाशी येऊन म्हणाला, "तेमिरकुल, माझंही त्याच दुकानातलं आहे. द्राक्षाचं." आणि घाईघाईने निघून गेला.

इथे ते सोपं नव्हतं. व्याही काडिरबाय कमी बोलणारे, मोठ्या हातांचे. पुलाव झाला, दुआ झाली. विहीणबाई म्हणाल्या, "व्याही स्वतः आले, आमच्या लेकीचं नशीब." तुझं पत्र मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवत होतं. गप्प बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळं गोड झालं असतं. पण मला वाटलं, मग ही मुलगी आयुष्यभर माझं झाकत राहील, आणि तिचं चांगुलपण मला पुन्हा सोयीचं होईल.

मी म्हटलं, "काडिरबाय, तुमची लेक इथे माहेरपणाला आलेली नाही. तिने मला विष घातलं अशा संशयाने मी तिला घालवून दिलं होतं." आणि मग बाकी सगळं, दाराआड ती ऐकत आहे हे माहीत असून, सावकाश, काही न गाळता.

विहीणबाई उठून आत गेल्या. काडिरबाय चटईकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

"म्हणून तर आलो."

"मला तुमचा राग आलाय, व्याही."

"यायलाच हवा."

"इतका राग आलाय की मेंढा परत न्या असं म्हणणार होतो." मग ताटाकडे बघून, "पण तो आपण खाल्ला."

एर्निसला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मी हसलो नाही.

मग मेरिम दारात आली. नेहमीसारखी वाकली नाही. सरळ उभी होती, मोठ्या माणसांच्या बैठकीत सुनेने उभं राहू नये तशी. म्हणाली, "बाबा, ओठांना आता काय लावता?"

"मेंढीच्या शेपटीची चरबी. दुसरं काही नाही."

"तेवढंच लावा." मग बापाकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं, "मी यांच्याबरोबर आत्ता जाणार नाही. बटाटे काढून होईपर्यंत इथे राहीन. मग माझी मी येईन. मला आणायला कुणी यायचं नाही. आणि तिथे गेल्यावर मला काही दिसलं तर मी तोंडाने बोलेन."

मी म्हटलं, "बोल. नाव घेऊन बोललीस तरी चालेल." ती म्हणाली, "नाव नाही घेणार." आणि आत गेली.

उद्या सकाळी मी आणि एर्निस दोघेच परत निघू. ताई, तू सांगितलं होतंस तसं मी केलं नाही. सगळ्यांसमोर, माझ्याच तोंडाने, मी सांगून टाकलं.

तेमिरकुल